चार खांदे, बत्तीस सह्या

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १७ लाख होती. २०११च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशभर माणसं वाढत असताना आमच्याकडे ती घटली, याचा मोजणाऱ्यांना अचंबा वाटला असेल. आमच्या वाडीत कुणाला वाटला नाही. गिरण्यांनी पोरं मुंबईला नेली आणि गिरण्या बंद पडल्या तरी ती परतली नाहीत. पुढं दिवा-विरारला सरकली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. हे ऐकून शहरातले लोक कौतुकानं माना डोलावतात. अहो, मुली जास्त जन्मल्या नाहीत, बाप्ये एसटीनं गेले!

माणसं घटली तरी गावाची कामं घटत नाहीत, ही खरी गोम आहे. शिमग्यातली पालखी पूर्वी होती तेवढीच जड. आमच्या तात्यांचंच घ्या. सत्तरी ओलांडली, पण सकाळी देवळातली पूजा त्यांची, नळपाण्याचा पंप त्यांचा, रात्री भजनात पखवाज त्यांचा. साप निघाला तर काठीही त्यांचीच. शिवाय वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या. पडवीत खुंट्यांवर त्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला ओळखीची चिंधी. लुगड्याच्या काठाची चिंधी म्हणजे खालचं घर, खाकी म्हणजे पोलिसातून रिटायर झालेल्याचं. एका किल्लीची चिंधी कधीच गळून पडली. ती कुणाची, हे तात्यांनाही आठवत नाही. पण कुणी मागितली तर गंजलेली कशी द्यायची, म्हणून पावसाळ्याआधी तिलाही तेल लागतं.

लावणीला हात नाहीत, म्हणून खाचरं पडीक. रान दारापर्यंत आलं, त्यामागून डुकरं आणि वानरं. त्यांची खानेसुमारी कुणी करत नाही म्हणून बरं, नाहीतर सरपंचपदावर हक्क सांगतील. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात; आमची माणसं मुंबईत दुसऱ्यांच्या इमारती राखतात. शाळेत चारही इयत्ता मिळून कबड्डीचा एक संघ पुरा होत नाही, समोरचा तर सोडाच.

तात्यांनी स्वतःपुरतं नियोजन करून ठेवलंय. "मरायचं तर गणपतीत, नाहीतर शिमग्यात," ते म्हणतात. "चार खांदे गावातच मिळतात. उगाच कुणाची रजा फुकट जायला नको."

एका ठिकाणी मात्र आमची लोकसंख्या जोरात वाढतेय: सातबाऱ्यावर. तात्यांच्या आजोबांचा तुकडा आता बत्तीस नावांवर आहे. त्यातला एक फणस गोठ्यावर कलला, तो तोडायचा तर बत्तीस सह्या हव्यात. गेल्या गणपतीत सगळे जमले तसा तात्यांनी आरतीनंतर कागद फिरवला. एकतीस सह्या झाल्या. बत्तिसावा पुतण्या गहिवरून म्हणाला, "नको तात्या, गावाला आलं की फणसाकडे बघून जिवाला बरं वाटतं." हा गृहस्थ येतो भाद्रपदात. फणस ज्येष्ठातच पिकून, वानरांनी खाऊन संपलेला असतो.

तात्या काही बोलले नाहीत. कागद घडी घालून देव्हाऱ्यामागं ठेवला आणि म्हैस गोठ्यातून सोडून पडवीत, किल्ल्यांच्या खाली आणून बांधली.