वऱ्हाडींसाठी काही सूचना

भाचीचं लग्न अंदमानला करायचं ठरलं तेव्हा ताईने मला एकच काम सांगितलं होतं. काही करू नकोस. पण मुलीच्या सख्ख्या मामाने काही करायचं नाही म्हणजे काय? म्हणून मी आपण होऊनच वऱ्हाडाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रवासाच्या सूचना टाकायला सुरुवात केली. या सूचनांत एक सोडली तर एकही चुकीची नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. तुमच्या घरात उद्या असं बेटावरचं लग्न निघालं तर उपयोगी पडाव्यात म्हणून त्या इथे देतोय. मी स्वतः त्या कशा पाळल्या हेही सोबत येईल, त्याला इलाज नाही.

पहिली सूचना सामानाची. बहुतेक विमानांत पंधरा किलोची पेटी आणि सात किलोची हातातली पिशवी, एवढ्यात सगळं लग्न बसवायचं असतं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘कापूर, काडेपेटी आणू नये, पॉवर बँक पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी,’ त्याखाली तीन उद्गारचिन्हं दिली, आणि ओटीच्या सामानातल्या खोबऱ्याच्या वाट्या माझ्या सिल्कच्या झब्ब्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी नीट रचून ठेवल्या. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ साली ते विमानाच्या मनाई यादीत गेलंय, हे मला विमानतळावर माझं नाव भोंग्यावरून पुकारलं गेल्यानंतर कळलं. साऱ्या वऱ्हाडादेखत पेटी उघडावी लागली. वाट्या एकेक करून बाहेर आल्या, त्यांच्याबरोबर झब्बा आला, लेंगा आला आणि बाकीचंही आलं. तपासणारा गृहस्थ सज्जन होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, “अंदमानला खोबरं नेताय?”

दुसरी सूचना नावांची. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक २०१८ मध्येच स्वराज द्वीप झालं होतं, पण लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत, त्यामुळे दोन्ही लिहून ठेवलेली बरी. हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर टाकलं होतं. विमानतळावर उतरल्यावर वीर सावरकरांचं नाव वाचून आमच्या काकांनी हात जोडले, सेल्युलर जेल झालं, कोठडीसमोर सगळे गप्प उभे राहिलो, आणि संध्याकाळी चहा पिताना एका मावशींनी मला विचारलं, “उद्या हॅवलॉक करून मग परवा स्वराज द्वीपला जायचं ना?” मी तेव्हा बिस्किट बुडवण्यात गुंतलो होतो. “वेळ मिळाला तर,” म्हणालो.

पुढचा प्रवास बोटीचा, दीड ते अडीच तासांचा. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, मूळ ओळखपत्र लागतं, तासभर आधी धक्क्यावर पोचावं लागतं. पोट हलकं ठेवावं, ओकारीची गोळी बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, शक्यतो मधल्या किंवा मागच्या बाजूला बसावं, पुढे बोट जास्त उसळते. या गोळ्यांची जबाबदारी मी अंगावर घेतली होती. धक्क्यावर रांगेत फिरून मी त्या प्रसादासारख्या वाटल्या, नको म्हणणाऱ्यांनाही आग्रह करकरून दिल्या, नवरदेवाकडच्या लोकांना तर दोन-दोन दिल्या, आणि बोटीत अगदी पुढची, काचेजवळची जागा पकडून ताईने दिलेला बेसनाचा लाडू खाल्ल्यावर माझ्या लक्षात आलं की डबी रिकामी आहे. पुढच्या दीड तासाबद्दल मी काही लिहीत नाही. एवढंच सांगतो, की वऱ्हाडातली ऐंशीच्या घरातली आजी शेंगदाणे खात माझ्याकडे पाहत होती.

बेटावर रोख पैसे न्यावेत. एटीएम मोजकी आहेत आणि फोनवरून पैसे द्यावेत तर रेंज कधी येईल याचा नेम नाही. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली २०२० मध्ये, पण ती माझ्या फोनपर्यंत काही पोचली नाही. रोख आणा असं दोनदा लिहून मी स्वतः फोनच्या भरवशावर गेलो होतो. मात्र माझ्याकडे न येऊ शकलेल्या नातेवाइकांची आहेराची पाकिटं होती. एकेक पाकीट हळूच उघडून मी रिक्षा, शहाळी आणि मासळीच्या थाळ्या भागवल्या. वर चिकटवलेल्या रुपयाच्या नाण्यांना मात्र मी हात लावला नाही. तत्त्व म्हणून.

आता ती एक चुकीची सूचना. अंदमान आहे पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, त्याच्याही आधी खिडकीत लख्ख उजेड येतो, आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. पत्रिकेत गोरज मुहूर्त ‘सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी’ छापला होता. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गोरज मुहूर्त पाचला कसा पटावा? मी छापखान्याला मनातल्या मनात क्षमा केली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘पत्रिकेत चूक आहे, कृपया ६ वाजून ४ मिनिटे असे वाचावे.’ ताईने मिनिटाभरात त्याखाली लिहिलं होतं, ‘कुणीही असे वाचू नये.’ ते सगळ्यांनी वाचलं. माझ्या फोनला रेंज नव्हती.

लग्नाच्या दिवशी उजेड पाहून मी घाबरून उठलो, अंघोळ उरकली, शेजारच्या दोन खोल्यांची दारं वाजवून सगळ्यांना ‘आटपा, आटपा’ केलं आणि न्याहारीला जाऊन बसलो. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. एवढ्या पहाटे उठल्यावर दुपारी जे व्हायचं तेच झालं. आमची उतरायची सोय विजयनगरच्या किनाऱ्यावर, लग्न पलीकडे राधानगरला. (गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, बेटावर सगळी नगरंच आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली.) तीनला वऱ्हाडाची गाडी निघाली तेव्हा मी पंख्याखालून म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी ओटीची पिशवी घेऊन आलोच.” सहाला वेळ होता.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं.

रिक्षावाला बंगाली होता आणि शांत होता. धोतराचा सोगा एका हाताने आणि पिशवी दुसऱ्या हाताने धरून मी त्याला “जल्दी, जल्दी” म्हणत होतो आणि तो झाडांमधून दिसणाऱ्या तांबड्या आभाळाकडे बोट दाखवून मला निसर्गसौंदर्य समजावून सांगत होता. २००४ साली ‘टाइम’ने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, ही माहिती मीच ग्रुपवर दिली होती. त्या सर्वोत्तम वाळूत माझी कोल्हापुरी पहिल्याच पावलाला रुतली ती रुतलीच. (वाळूत चामड्याची चप्पल घालू नये, सूचना क्रमांक नऊ.)

पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू होती. समुद्रावरच्या वाऱ्याने अंतरपाट पतंगासारखा वर उडालेला, त्यामुळे वधूवर एकमेकांना केव्हाचे पाहत होते, आणि दर ‘सावधान’ला टाकलेल्या अक्षता उलट येऊन टाकणाऱ्यांच्याच तोंडात जात होत्या. भाचीच्या पाठीशी, मामाच्या जागी, रिसॉर्टचा जीवरक्षक उभा होता. उंच, दणकट, वेळेवर आलेला. नवरीला हात धरून आणायला कुणी पुरुष माणूस हवा, गुरुजी थांबेनात, तेव्हा ताईला तो जवळ दिसला. व्याह्यांनी मानाचं टोपी-उपरणंही त्यालाच दिलं. अल्बमभर मामा म्हणून तोच आहे, आणि खरं सांगायचं तर शोभतोय.

सूर्यास्ताच्या वेळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्या दिसत नाहीत, खाज मात्र नंतर दिवसेंदिवस टिकते, म्हणून पायाला खोबरेल चोपडून जावं. मी सगळ्यांना बाटल्या आणायला लावल्या होत्या. सगळ्यांच्या पोटऱ्या चकाकत होत्या.

जेवताना पंगतीत शेजारी नवरदेवाचे कुणी काका आले. मी अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, दोन्ही हातांनी पाय खाजवतोय. त्यांनी आस्थेने विचारलं, “आपण कोणाकडचे?”

“मी मुलीचा मामा.”

त्यांनी दूर उपरणं घेऊन जिलबी खात असलेल्या जीवरक्षकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“अच्छा! म्हणजे ते सहा वाजून चार मिनिटंवाले!”