चौसष्ट जीबीचे कार्पेट

वसई-विरारचा रहिवासी क्षेत्रफळाच्या बाबतीत जितका जाणता झाला आहे, तितका तो साठवणुकीच्या बाबतीत झालेला नाही. भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, लॉबी आणि बिल्डरचा उत्साह हे सारे जमेस धरून सांगितले जाते ते ‘सुपर बिल्टअप’, बाहेरच्या भिंती वगळून प्रत्यक्ष सतरंजी अंथरता येते ते ‘कार्पेट’, आणि या दोहोंमधील तफावतीला ‘लोडिंग’ म्हणतात, हे नालासोपाऱ्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही आले. तरी जाहिरातीतला आकडा ऐकताच मनातल्या मनात त्याचा एक तुकडा कापून टाकण्याची येथील सवय काही गेलेली नाही. हाच मुरलेला ग्राहक स्टेशनबाहेरच्या दुकानातून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घरी आणतो, विंडोज संगणकाला जोडतो, पडद्यावर ५९ च्या आसपासचा आकडा पाहतो आणि दुकानदाराने चार-साडेचार जीबी खाल्ले असे ठरवून तावातावाने जिना उतरतो.

या व्यवहारात विकणारा खरे बोलत असतो, आणि या परिसरातील ग्राहकाला नेमके तेच पचत नाही. शून्य किंवा एक, एवढेच सांगू शकणारा माहितीचा कण म्हणजे बिट. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. ‘बाइट’ हा शब्द १९५६ मध्ये आयबीएममधील वर्नर बुकहोल्झ यांनी घडवला. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी, हा दशमान हिशेब प्रमाण मानला, तर ६४ जीबी म्हणजे ६,४०० कोटी बाइट, आणि तेवढे पेनड्राइव्हमध्ये असल्याचा कंपनीचा दावा असतो. वेष्टणाच्या पाठीमागे, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा बेताने, १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट असे छापलेलेही असते. संगणक मात्र दोनाच्या पटीत मोजणारा प्राणी असल्यामुळे त्याच्या लेखी हजाराच्या जागी दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४ येतो, आणि त्याचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा होतो. तेच ६,४०० कोटी बाइट या मोठ्या मापाने मोजले की ५९.६ भरतात. माल तेवढाच, पायली निराळी.

ज्या समाजाने आणे पाहिले आहेत त्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. सोळा हाही दोनाचाच घात. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हा सव्वासहा पैशांचा आणा सुट्या व्यवहारात सहा पैशांना धरला गेला आणि एकेक आणा करून सोळा वेळा मोजणाऱ्याच्या हाती रुपयाऐवजी शहाण्णव पैसे उरले. कंपनीचे म्हणणे सोळा आणे खरे असते, एवढेच की ती बोलते पैशांत आणि संगणक मोजतो आण्यांत. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ च्या हिशेबाला किबी, मेबी, गिबी अशी स्वतंत्र नावे देऊन हा तंटा कागदोपत्री मिटवला. परंतु विंडोज आजही मोजतो गिबी आणि लिहितो जीबी, आणि वसईच्या बाजारात जाऊन ‘साठ गिबीबाइटचा पेनड्राइव्ह द्या’ असे म्हणणाऱ्याकडे दुकानदार काळजीनेच पाहील.

या लोडिंगची एक खोड अशी की ते मजल्यागणिक वाढते. किलोच्या पायरीवर २.४ टक्के असलेला फरक मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के होतो; एक टीबीची डिस्क तर गिगाच्याच मापाने मोजली, तरी पडद्यावर ९३१ जीबीच भरते. लिहिलेल्यापेक्षा अधिक मावणारे भांडे या भागात एकच, ते म्हणजे तिघांच्या बाकावर चौथी सीट देणारी विरार लोकल.

याहून मोठा घोटाळा बिट आणि बाइट यांच्या भाऊबंदकीत आहे. इंग्रजी बी धाकटा छापला तर बिट, थोरला छापला तर बाइट; धाकट्या पातीला आठाने भागल्याशिवाय थोरली पाती हाती लागत नाही, आणि म्हणूनच १०० एमबीपीएसच्या इंटरनेट जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतात. एखाद्या गृहनिर्माण संस्थेने फाटकावर आणि जिन्यांत मिळून चार कॅमेरे बसवले आणि महिनाभराचे चित्रण ठेवण्याचा ठराव केला, असे समजावे. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट नोंदवत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत १,७२,८०० मेगाबिट, आठाने भागून २१.६ जीबी, आणि चौघांचे मिळून रोजचे ८६.४ जीबी होतात. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि यंत्र जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. तीस दिवसांसाठी सुमारे २.६ टीबी लागतात हे गणित सर्वसाधारण सभेत मांडले गेलेच, तर चार टीबीची डिस्क सुचवणाऱ्या सेक्रेटरीकडे कमिशनच्या संशयाने पाहिले जाते, रंगकामाच्या कोटेशनप्रमाणे याही आकड्याची घासाघीस होते, आणि दोन टीबीवर तडजोड होऊन ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो. दोन टीबीत तेवीस दिवस मावतात. त्याहून जुन्या चोऱ्या संस्थेने उदार मनाने माफ केल्या, असे इतिवृत्तात लिहिण्याची पद्धत अद्याप नाही.