दोन काड्यांत गाईड

अभिनंदन! शाळेने गाईडची कंपनी काढली आणि यादीत तुझं नाव घातलं. तुला विचारलं नाही म्हणून रुसू नकोस, मॅडमनाही कुणी विचारलं नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यात नव्या त्या होत्या, एवढ्यावर त्या गाईड कॅप्टन झाल्या.

थोडा इतिहास आधी पाठ कर, तोंडी परीक्षेत विचारतात. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथे काही मुली आमंत्रण नसताना येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी बेडन-पॉवेल साहेबांनी मुलींची वेगळी संघटना काढून ती बहीण ॲग्नेसच्या हवाली केली. १९११ मध्ये ती जबलपूरला पोचली. भोर-वेल्ह्यात यायला जास्त वेळ लागला, पण इकडे एसटीसुद्धा उशिराच येते.

ही मार्गदर्शिका नवशिक्या मुलींसाठी आहे. त्यातही अशा मुलींसाठी, ज्यांना यातलं बहुतेक सगळं आधीच येतं. पुण्याहून आलेल्या मुलीचं काम सोपं असतं, तिला फक्त शिकायचं असतं. तुला आधी विसरावं लागेल. घाबरू नकोस, मी आहे.

१. संघाला नाव द्या. सहा ते आठ मुलींचा एक संघ होतो आणि त्याला फुलाचं नाव देतात. गुलाब, कमळ, मोगरा ही नावं लगेच पळवली जातात. मागे राहिलात म्हणून भावनेच्या भरात ‘कारवी’ घेऊ नका. रायरेश्वराच्या अंगाला ती कितीही सुंदर दिसत असली तरी सात-सात वर्षं फुलत नाही. तोवर तुमची दहावी होऊन लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असेल.

२. गणवेश शिवा. निळा गणवेश, स्कार्फ, त्याला वॉगल, शिट्टी आणि कमरेला दोरी. दोन मापं मोठा शिवून घे, धाकट्या बहिणीलाही उपयोगी पडेल. वेल्ह्यात जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही, म्हणून तो चुलीवरच्या वलणीवर टाक. धुराचा वास लागेल, तो जपून ठेव. पाचव्या कलमात त्याचे गुण मिळतात.

३. रोज एक सत्कृत्य करा. स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची. नवशिक्यांनी भोरचा एसटी स्टँड गाठावा, एखादी आजी शोधावी आणि तिची पिशवी उचलावी. मात्र आजी पारखून घ्या. हिरडस मावळातली आजी तांदळाची पिशवी काखोटीला मारून गाडी थांबायच्या आत पायरीवर असते. तुम्ही पिशवीला हात लावलात तर ती कंडक्टरला हाक मारेल.

पाणी भरणं, म्हशीला पाजणं, धाकट्याला शाळेत पोचवणं ही कामं सत्कृत्यात धरत नाहीत. ती तू रोज करतेस. सत्कृत्य रोज करायचं असतं, पण रोजचं असून चालत नाही. समजलं नाही? मॅडमनाही समजलेलं नाही.

जाता जाता: गाईड डाव्या हाताने हस्तांदोलन करते. शाळेच्या फाटकाबाहेर हे अजिबात करायचं नाही. आत्यापुढे डावा हात केलास तर पुढचा अर्धा तास संस्कार या विषयावर जाईल.

४. गाठी शिका, म्हणजे चिकटवा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीपशँक. सगळ्या गाठी रंगीत सुतळीत मारून थर्माकोलवर फेविकॉलने चिकटवायच्या आणि खाली स्केचपेनने नावं लिहायची. चिकटवलेली गाठ सुटत नाही आणि तपासताही येत नाही, दोन्ही पक्षांची सोय.

आता तुझी अडचण. तू रोज संध्याकाळी खोंडाचं दावं खुंट्याला बांधतेस, अंधारात, एका हाताने, आणि तो रात्रभर हिसके देतो तरी गाठ सरकत नाही. मोळी रानातल्या वेलीने आवळतेस आणि ती डोंगरउतारावर डोक्यावरून घरंगळत नाही. हे हात परीक्षेच्या दिवशी घरी ठेवून ये. परीक्षक पुस्तकातल्या आकृतीशी ताडून बघतात: दोरीचं टोक उजवीकडून यायला हवं. तुझी गाठ पक्की असेल, पण टोक डावीकडून आलं म्हणून पाच गुण गेले, तर खोंडाला साक्षीला आणता येणार नाही.

५. दोन काड्यांत चूल पेटवा. हा गाईडिंगचा जुना मान आहे: उघड्यावर, सरपणाची चूल, जास्तीत जास्त दोन काड्या. तुझ्या घरी आजी एकाच काडीत पेटवते, आणि पावसाळ्यात तीही वाचवायला शेजारून निखारा आणते. पण आजी हाताशी येईल ते घालते: गोवरीचा तुकडा, चिपाड, कालच्या बाजाराचा कागद. तुला मात्र आधी बारीक काटक्या, मग मध्यम, मग जाड, असा मनोरा रचायचा आहे आणि तो नोंदवहीत रंगवायचाही आहे. फुंकणी आणायची नाही. दोन्ही काड्या ओढायच्या. पहिलीतच पेटली तर परीक्षकांना वाटेल तुला नियम माहीत नाही.

मे महिन्यात आईबरोबर राब भाजायला जातेस, वारा कुठला आहे ते पाहून आग कोणत्या बांधाकडून लावायची हे तुला ठाऊक असतं, शेजारच्या गंजीला झळ लागू न देता आख्खं वावर जाळून तुम्ही दोघी घरी येता. याचा उल्लेख टाळ. तोंडी परीक्षेत ‘आगीपासून सुरक्षितता’ या प्रश्नाला उत्तर एकच: वाळूने भरलेली बादली.

६. बिनभांड्याचा स्वयंपाक. इथे जरा थांबू, कारण बॅज इथेच मिळतात आणि इथेच जातात.

नियम एका ओळीचा आहे: भांडं वापरायचं नाही. त्यासाठी पुढील भांडी लागतात. कणीक मळायला परात, पाण्याला कळशी, कांदा चिरायला विळी आणि खाली ताट, मसाल्याचा डबा, परीक्षकांना वाढायला स्टीलच्या ताटल्या, पाहुण्यांना चहा द्यायला पातेलं. एवढं आणायला कुणाच्या तरी वडिलांचा टेम्पो सांगून ठेवा. घरच्या सगळ्या भांड्यांवर नाव कोरलेलं बघून घ्या. दर वेळी दुसऱ्याचीच परात घरी येते आणि तिच्यापायी दोन कुटुंबांचं बोलणं बंद होतं.

पदार्थ ठरलेले: निखाऱ्यात भाजलेला बटाटा, कोरलेल्या कांद्यात शिजवलेलं अंडं, काठीला गुंडाळून भाजलेली कणीक, तापल्या दगडावरची भाकरी. नावं मात्र साधी ठेवू नका. ‘भाजलेला बटाटा’ या चिठ्ठीला कुणी पुरस्कार दिल्याचं ऐकिवात नाही. ‘जंगल पोटॅटो’ लिहा, खाली पानफुलांची महिरप काढा.

बटाट्याबद्दल आतली गोष्ट सांगतो. दिलेल्या वेळात तो आतून कच्चाच राहतो. म्हणून घरून उकडून आणायचा, राखेत पुरायचा आणि साल काळी झाली की काढायचा. वाईट वाटून घेऊ नकोस. परीक्षकांना त्या दिवशी सगळ्या संघांचं खायचं असतं. त्यांना शिजलेला बटाटा देणं हेसुद्धा सत्कृत्यच, खुशाल स्कार्फची गाठ सोड.

आया कुंपणाबाहेर उभ्या असतात. त्यांनी मदत करायची नाही असा नियम आहे आणि त्या तो पाळतात. मीठ कमी पडलं की फक्त खोकतात, भाकरी करपायला लागली की मोठ्याने शेजारणीला सांगतात, “काय गं, आमच्याकडे तर एव्हाना उलटतात!”

पहिल्या पावसात ओढ्याला जाऊन तू दगडाखालचे खेकडे धरतेस, नांगी कुठून दाबायची ते सहा वर्षांची असल्यापासून तुला येतं, आणि भावंडं मिळून ते निखाऱ्यावर भाजून पानावर खाता. तिथे भांडं नसतं, टेम्पो नसतो, चिठ्ठी नसते. साहित्य-कृतीही नसते, आणि नेमकं त्यामुळेच त्याला बिनभांड्याचा स्वयंपाक म्हणता येत नाही.

परीक्षक घासभर खातात, मान डोलावतात आणि म्हणतात, “सजावट हवी होती.” कोथिंबीर घेऊन जा. रानात कोथिंबीर कुठून आली हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

७. तंबू उभारा. चार बांबू आणि आईच्या तीन साड्या. गुण मात्र तंबूपुढच्या गोष्टींना असतात: रांगोळी, चुन्याची आखणी, काठ्यांचं कुंपण, चपलांचा स्टँड आणि ‘सुस्वागतम्’. पाणी गळतं का हे तपासायची पद्धत नाही, कारण मेळावा हिवाळ्यात असतो. भातलावणीला आई जे इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर मुसळधार पावसात वाकून उभी असते, ते तंबूत ठेव. शोभेची वस्तू म्हणून त्याला दोन गुण मिळतील.

८. हाईकला जा. वस्तीवरून शाळेपर्यंत तू ओढा ओलांडून, खिंड चढून येतेस ती हाईक धरत नाहीत. तिला संमतीपत्र नाही, शिक्षक सोबत नाहीत, फोटो नाही. हाईक म्हणजे शाळेने ठरवलेल्या वाटेवर, बिस्किटांचा पुडा घेऊन, रांगेत चालणं. बहुधा राजगडला जाल. वाटेत खडूचे बाण आणि दगडांच्या खुणा शोधायच्या असतात. रविवारनंतर गेलात तर खुणांची गरज नाही: गुंजवण्याहून वर वेफर्सची रिकामी पाकिटं थेट माचीपर्यंत नेऊन सोडतात. होकायंत्र हातात घ्या, ते कंपनीत एकच असतं आणि संघनायिका ते कुणाला देत नाही. वेल्ह्यात पाऊस मढे घाटाकडून येतो आणि भोरात वरंध्याकडून, त्यावरून पश्चिम लहान पोरालाही कळते, पण उत्तर लिहिताना ‘सुईच्या साहाय्याने’ असंच लिही.

तोरण्याची उंची १,४०३ मीटर, ही पाठ असू दे. चढणं ऐच्छिक आहे.

अर्जावर तालुका लिहिताना जपून. वेल्ह्याला राजगड म्हणायला मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. तू जे लिहिशील ते खोडून दुसरं लिहायला सांगतील, तेव्हा पेन्सिलीने लिही.

९. खरी कमाई. स्वतःच्या कष्टाने पैसे मिळवायचे, म्हणून आईने तळलेले वडे शाळेच्या पटांगणात विकायचे. नफा काढताना बेसन, तेल आणि आई यांची किंमत धरत नाहीत. सुट्टीत लावणीला जाऊन आणलेली मजुरी यात दाखवू नकोस, ती जास्तच खरी होते आणि मुख्याध्यापक अडचणीत येतात.

१०. प्रथमोपचार. वर्गातली सगळ्यात धडधाकट मुलगी निवडा आणि तिला त्रिकोणी पट्टीत बांधा. ती हसली तर गुण जातात. मग दोन काठ्यांवर दोन शर्ट चढवून स्ट्रेचर करा आणि पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. पुस्तकात जमीन सपाट आहे.

धनगरवाड्यावरून आजारी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत कसा आणतात ते तू पाहिलं आहेस. उतारावर पुढच्यांनी खांदा उंच ठेवायचा, मागच्यांनी खाली घ्यायचा, दर वळणाला माणसं बदलायची, रात्र असेल तर पुढे बॅटरीवाला. परीक्षेत असं काही करायला जाऊ नकोस. त्याला वेळ लागतो, आणि मैदान दुपारी क्रिकेटवाल्यांना द्यायचं असतं.

११. नोंदवही भरा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार: प्रत्येक पायरीला तारखा, सह्या आणि फोटो लागतात. तारखा शाईच्या वेगवेगळ्या पेनांनी घाल, म्हणजे वर्षभर लिहिल्यासारखं वाटतं. राज्य पुरस्कारावर राज्यपालांची सही असते आणि दहावीला वाढीव गुण मिळतात. ही गोष्ट तुझ्या वडिलांना आधी सांग, मग ते स्वतः नोंदवहीला पुठ्ठे घालतील.

पुण्यात आळंदी रस्त्याला १९६६ पासून गाईडांचं जागतिक केंद्र आहे, ‘संगम’. असं केंद्र जगात मोजक्याच ठिकाणी आहे, स्वित्झर्लंड आणि मेक्सिको त्यातले. देशोदेशीच्या मुली तिथे राहायला येतात. त्यातली एखादी वाट वाकडी करून तुमच्या वस्तीवर आली आणि तुला चूल पेटवताना बघून टाळ्या वाजवायला लागली, तर गोंधळू नकोस. तिचा फोटो काढून घे. नोंदवहीत ‘आंतरराष्ट्रीय मैत्री’ असं एक पान रिकामं असतंच.

१२. शेवटची परीक्षा. पुण्याहून परीक्षक येतील. चूल तिसऱ्यांदा विझली म्हणून शेजारचा गुलाब संघ रडकुंडीला आला असेल, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत असतील. त्या गडबडीत तू जर सवयीने वाकून, ओल्या काटक्या बाजूला सारून, तळहाताच्या आडोशाला एका काडीत जाळ केलास, तर परीक्षक थांबतील. चष्मा वर करून विचारतील, “हे कुठे शिकलीस?”

पाठ केलेलं उत्तर दे: “तीन दिवसांच्या निवासी शिबिरात, मॅडम.” मग दोरी गुंडाळून जमा कर आणि रजिस्टरवर सही करून घे. गेल्या वर्षीची एक दोरी अजून सापडलेली नाही.