499 फुटांवरचा गारवा

शहादा तालुक्यातल्या आमच्या सारंगखेड्यात बारा मजली इमारत नाही. त्यामुळे सोसायटीचा सेक्रेटरी नाही आणि बंद पडलेल्या लिफ्टवरून भांडणारे सभासदही नाहीत. एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, तापी आहे, तापीवर बॅरेज आहे आणि दत्तजयंतीच्या यात्रेत लाखालाखाचे घोडे आहेत. म्हणून तर मोठमोठ्या इमारतींना भूगर्भातली ऊर्जा पुरवायला सरकारने पैसा द्यावा की नाही, या प्रश्नावर निकाल द्यायला याहून निःपक्षपाती गाव मिळणार नाही.

जगात असा पैसा दिला जातो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये '1 जावा स्ट्रीट' नावाचा 834 घरांचा प्रकल्प आहे. त्याच्या पोटात 320 बोअर. त्यांतल्या नळ्यांतून पाणी फिरतं. हिवाळ्यात जमिनीतली ऊब घरात येते, उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत जाते. राज्याच्या ऊर्जा संस्थेने यासाठी 40 लाख डॉलर मंजूर केले. बोअरची खोली 499 फूट. पाचशे का नाही? कारण पाचशेच्या खाली गेलं की तिथे तेल आणि वायूच्या विहिरींचे नियम मागे लागायचे. तो एक फूट वाचला आणि अमेरिका मला पहिल्यांदाच जवळची वाटली.

पण जवळीक तेवढ्यापुरतीच. तिकडे नियमाच्या एक फूट अलीकडे थांबले. आपल्या राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने 60 मीटरवर, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास, 'खोल विहिरी'ची रेघ ओढून ठेवली आहे. शहादा रस्त्यावर बोअरची गाडी दिसली तर ही रेघ विचारून पाहा. गाडीवाला उलट तुम्हालाच विचारेल, पाणी लागेपर्यंत जायचं की रेघेपर्यंत?

आपणही मागे नाही म्हणा. सप्टेंबर 2025मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. जमिनीच्या आधाराने इमारती गार-गरम करणारे पंपही त्यात आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशात देशभरातल्या 381 'गरम' जागा आहेत आणि सोन-नर्मदा-तापीचा पट्टा त्यात मानाचा. आमच्या शहादा तालुक्यातल्या उनपदेवाला हे कळवायची गरज नाही. तिथे बाराही महिने गरम पाणी येतं, लोक अंघोळी करतात, खरूज-नायटा बरा होतो म्हणतात. पारा चाळिशीच्या पुढे गेलेल्या मे महिन्यात देवाने खानदेशाला काय दिलं, तर गरम पाणी. सरकारच्या योजनाही याच अंदाजाने येतात.

तांत्रिक अडचणही आहे. न्यूयॉर्कात उन्हाळ्यात जमिनीत भरलेली उष्णता हिवाळ्यात काढून घेतात, खातं जुळतं. आपल्याकडे पतपेढीत नुसताच भरणा, काढायला कोणी येत नाही. काही मीटर खाली इथली जमीन वर्षभर पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान असते. तिच्यात दरवर्षी उष्णता ढकलत राहिलं तर तीही एक दिवस कावेल. म्हणजे ब्रुकलिनचा आराखडा सारंगखेड्यात जसाच्या तसा उतरवला, तर त्यात फायदा बोअरच्या गाडीचा.

बरं, जमिनीकडून गारवा घेण्याची अक्कल खानदेशाला बोअरशिवाय होती. धाब्याचं घर. दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या-पाला आणि मातीचा जाड थर. जमीन खोदण्याऐवजी तीच उचलून डोक्यावर घ्यायची. दुपारचं ऊन त्या थरातून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर माणसं वरच, धाब्यावर झोपायला गेलेली असायची. याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. धाबं गळतं, विंचू निघतात, पावसाळ्यापूर्वी माती चढवायची तर बायकांची कंबर मोडते. आणि असं घर सगळ्यांच्या नशिबी कधीच नव्हतं. भिल्ल वस्तीत कुडाच्याच भिंती. पक्कं घर हवं, यात वाद नाही.

वाद आहे तो पक्कं म्हणजे काय, यावर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपयांचं मूळ अनुदान केंद्र-राज्य मिळून देतात. किमान क्षेत्र 25 चौरस मीटर. एवढ्या पैशात पातळ भिंत उठते आणि वर पत्रा किंवा स्लॅब येतो. पत्रा अकरा वाजताच तापतो. स्लॅब जरा सभ्य, तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री झोपलेल्यांच्या अंगावर ओकतो. मग कूलर येतो, कूलरमागे विजेचं बिल येतं. म्हणजे सरकारी पैशाने आधी भट्टी बांधायची आणि ती विझवायचा खर्च लाभार्थ्याने करायचा.

आता सोसायटीकडे या. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये, 500 किलोवॅटपर्यंत. कमाल किती? 90 लाख. त्यात मूळ अनुदानाची 75 घरकुलं बसतात. स्वतंत्र घरालाही 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, मान्य. पण सौर पॅनेल पेलणारं छत हवं, वीजजोडणी हवी आणि उरलेला पैसा खिशात हवा. सोसायटीकडे हे सगळं असतं, शिवाय अर्ज भरायला सीए असतो. उद्या भूगर्भातल्या पंपांना अनुदान निघालं तर तेही त्याच जिन्याने चढेल, कारण आपल्याकडे अनुदान उष्णता बघत नाही, लेटरहेड बघतं.

मोठ्या इमारतींना पैसा देऊच नये, असं मी म्हणणार नाही. शेकडो एसी एकदम सुरू झाल्यावर गावाकडचं फीडर कुणासाठी बंद होतं, हे आम्हाला ठाऊक आहे; त्यांची वीज वाचली तर आमचा पंखा फिरेल. पण रांग लावायची तर पहिला नंबर पत्र्याखालच्या माणसाचा. त्याला 499 फूट नको. छतावर चुन्याचा पांढरा हात, पत्र्याखाली उष्णता अडवणारा एखादा थर, पश्चिमेच्या भिंतीला जरा जाडी, समोरासमोर दोन खिडक्या. घरकुलाच्या अंदाजपत्रकात 'छत गार ठेवण्यासाठी' असा एक रकाना आणि त्यापुढे स्वतंत्र रक्कम, एवढीच मागणी आहे.

ती मांडायला मुहूर्तही तयार आहे. 1 मे रोजी ग्रामसभा असते, ऐन उन्हात. हा ठराव तेव्हाच घ्या. आणि गटविकास अधिकाऱ्यांना खास बोलावून ती सभा दुपारी दोन वाजता, नव्या घरकुलात भरवा. पंखा लावू नका.