निवड समितीचे बिनपगारी सदस्य

फिलाडेल्फियाच्या माणसाला वर्षातून एकदा असं वाटतं की ईगल्सवाल्यांनी आपल्याला विचारून संघ चालवला असता तर बरं झालं असतं. हे ‘एकदा’ सप्टेंबरात सुरू होतं आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत चालतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्याला ऊत येतो, कारण तेव्हा एनएफएलचा ड्राफ्ट असतो.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळून तयार झालेली पोरं व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने उचलायची. संघ ३२, फेऱ्या ७, दिवस ३. गेल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, जो अजिंक्य ठरला त्याचा शेवटचा. आयपीएलसारखा लिलाव नाही. पोराने कुठल्या गावी जायचं हे पोरगा सोडून बाकी सगळे ठरवतात. भांडवलशाहीच्या या माहेरघरात दुबळ्यांना झुकतं माप देणारी इतकी सर्वमान्य व्यवस्था मला तरी दुसरी आढळलेली नाही.

गंमत म्हणजे या तीन दिवसांत एकही चेंडू फेकला जात नाही. एक माणूस मंचावर येतो, नाव वाचतो, पोराला मिठी मारतो, आत जातो. हे बघायला २०२४ साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवस मिळून पावणेआठ लाखांची गर्दी झाली. १९८० साली ईएसपीएनने हे थेट दाखवायची परवानगी मागितली तेव्हा कमिशनर पीट रोझेल यांना, हे असलं कोण बघणार, अशी शंका आली होती. रोझेल मोठे हुशार गृहस्थ, पण आमच्या शेजाऱ्यांशी त्यांची ओळख नव्हती.

शेजारी निवृत्त पोस्टमन आहेत. भेटल्यावर ‘गुड मॉर्निंग’ऐवजी ‘गो बर्ड्स’ म्हणतात. अंत्यविधीतही म्हणताना मी ऐकलंय. ड्राफ्ट ही मुळात आमच्या गावची देणगी आहे याचा त्यांना फार अभिमान. ईगल्सचे मालक बर्ट बेल. चांगली पोरं पैसेवाल्या संघांकडे जातात आणि आपण हरत राहतो, हे बघून त्यांनी १९३५ साली ठराव मांडला की यापुढे दुबळ्याला आधी निवडू द्यावं. ठराव पास झाला. मग त्या हंगामात ११ पैकी ९ सामने हरून बेल यांनी पहिला नंबर रीतसर मिळवला. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात फळ्यावर ९० नावं लिहिली गेली आणि बेल यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरवर बोट ठेवलं. तो आलाच नाही. त्याच्यावरचा हक्क बेल यांनी अदलाबदलीत शिकागो बेअर्सना दिला, त्यांच्याकडेही तो गेला नाही. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना त्याने आयुष्यात खेळला नाही. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातली पहिलीच निवड फुकट गेली, आणि ती आमची होती. शेजाऱ्यांच्या मते तेव्हाच कुणीतरी हुर्यो उडवायला हवी होती. मालकांना वेळीच वळण लागलं असतं.

ती कसर १९९९ साली भरून निघाली. ईगल्सचा दुसरा नंबर होता आणि अख्ख्या गावाला रिकी विल्यम्स नावाचा धावपटू गडी हवा होता. महापौर एड रेंडेलही त्याच्याच बाजूने. गावचा महापौर रस्त्यातले खड्डे सोडून रनिंग बॅक निवडण्यात लक्ष घालतोय हे बघून मला तर अगदी घरी आल्यासारखं वाटलं. एका स्थानिक रेडिओ स्टेशनने तीसेक चाहते न्यूयॉर्कला नेले. ईगल्सने डॉनोव्हन मॅकनॅब या क्वार्टरबॅकचं नाव पुकारलं आणि त्या टोळक्याने अशी हुर्यो उडवली की आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी ते पोरगं भांबावून उभं राहिलं. पुढे याच मॅकनॅबने संघाला पाच वेळा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे महाअंतिम सामन्यापर्यंत, नेलं. आज ‘मला तेव्हा विल्यम्स हवा होता’ असं म्हणणारा एकही माणूस या गावात सापडत नाही. महापौर धरून सगळे जणू बाहेरगावी गेले होते.

विल्यम्स गेला न्यू ऑर्लिन्सला. तिथले प्रशिक्षक माइक डिटका यांनी त्याच्यासाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या, वर पुढच्या वर्षीच्या दोन. मग एका क्रीडा नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर दोघांचा फोटो झळकला: डिटका सुटाबुटात नवरदेव, आणि शेजारी विल्यम्स पांढऱ्याशुभ्र गाउनमध्ये नवरी. हा फोटो बघून मला पहिल्यांदा या सगळ्या प्रकाराची संगती लागली. ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला पोरांचा जो ‘कंबाइन’ भरवतात, तो आपला दाखवण्याचा कार्यक्रमच आहे. उंची मोजतात, वजन बघतात, चाळीस यार्ड पळवून दाखवतात, तळहात पसरून इंचात मापतात. केनी पिकेट या क्वार्टरबॅकचा तळहात साडेआठ इंच भरला तेव्हा पिट्सबर्गपासून पोर्टलँडपर्यंत माणसं आपापल्या हाताला फूटपट्टी लावून हळहळली. बंद खोलीत मुलाखती होतात, घरच्यांची चौकशी होते. फक्त चालून दाखवायला सांगतात तिथे इथे पळून दाखवायचं, एवढाच फरक.

आता साडूंबद्दल सांगायला हवं. माझे साडू डॅलसला असतात आणि तिथल्या काउबॉइज संघाचे भक्त आहेत. ईगल्सवाल्याचा साडू काउबॉइजवाला असणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगितलं की तो माझ्या खांद्यावर हात ठेवतो. साडू पेशाने हिशेबनीस. १९९१ साली काउबॉइजने एक तक्ता बनवला, त्यात प्रत्येक क्रमांकाला गुण दिलेले: पहिल्याला ३०००, मग उतरत उतरत. कुठल्या निवडीच्या बदल्यात कुठली घ्यायची हे त्यावरून ठरवायचं. हा तक्ता साडूंना परवच्यासारखा पाठ आहे. बायकोचा वाढदिवस ते विसरतात, ही तक्रार मेहुणीची. पण १७व्या क्रमांकाला ९५० गुण हे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

२०१७चा ड्राफ्ट फिलाडेल्फियात झाला, आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर. काउबॉइजचे जुने खेळाडू ड्रू पिअरसन डॅलसची निवड जाहीर करायला मंचावर आले आणि आमच्याच गावात, आमच्याच तोंडावर काउबॉइजच्या पराक्रमाची आरती म्हणू लागले. गर्दीने जितकी हुर्यो उडवली तितका त्यांचा आवाज चढत गेला. साडूंनी ती चित्रफीत रिंगटोन म्हणून ठेवली. मी फोन केला की वाजते म्हणे.

आणि तरी २०२१ साली या दोन हाडवैरी संघांनी आपसात सौदा केला. डॅलसने आपला दहावा नंबर आम्हाला दिला, आम्ही डेव्होंटा स्मिथला घेतलं. दोन पायऱ्या खाली सरकून त्यांनी मायका पार्सन्सला घेतलं. स्मिथचं वजन १६६ पौंड, म्हणजे ७५ किलो. “तुमच्या मुलाला जरा खायला घाला,” साडू म्हणाले. हा मुलगा आमचा कधी झाला कळलं नाही, पण मला मनापासून राग आला. पुढे सुपर बोलमध्ये याच काडीपैलवानाने ४६ यार्डांचा टचडाउन झेलला. पार्सन्सही चांगलाच निघाला, फक्त ऑगस्ट २०२५ मध्ये डॅलसने त्याला ग्रीन बेला देऊन टाकलं. साडूंनी त्यानंतर आठवडाभर फोन उचलला नाही. मीही फार केले नाहीत, रोज दोनदा.

पण चाहत्यांच्या अकलेची खरी परीक्षा झाली २०२०च्या एप्रिलात. कोविडमुळे सगळं बंद. सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं थांबली आणि त्या आमच्याकडे अडकल्या. ड्राफ्टही घरूनच. कमिशनर रॉजर गुडेल आपल्या तळघरात बसून नावं वाचत होते. दरवर्षी त्यांना मंचावर हुर्यो मिळते, तो मान चुकू नये म्हणून चाहत्यांच्या हुर्योचीही पडद्यावर सोय केलेली. शेजारी त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून, आम्ही आमच्या. मध्ये कुंपण आणि सहा फूट. टीव्ही खिडकीतून बाहेर वळवलेला.

ईगल्सचा नंबर २१वा. लुइझियानाचा जस्टिन जेफरसन अजून शिल्लक होता. शेजाऱ्यांचा आनंद पोटात मावेना. आणि ईगल्सने घेतलं जेलन रेगरला. पुढच्याच नंबरवर मिनेसोटाने जेफरसनला उचललं. शेजारी जे बोलले ते कुंपणामुळे गाळून आलं असावं, तरीही सासूबाईंनी विचारलं, “त्यांच्याकडे कुणी गेलं का रे?”

दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी. ५३व्या क्रमांकावर ईगल्सने जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक घेतला. आता, क्वार्टरबॅक आमच्याकडे होता: कार्सन वेंट्झ, वर्षभरापूर्वीच १२ कोटी ८० लाख डॉलरची मुदतवाढ दिलेला. घरात पंचपक्वान्नं असताना बाहेरून वडापाव मागवल्यासारखं शेजाऱ्यांना झालं. ते खुर्चीतून उठले, खुर्ची उचलली आणि अंगणात दुसरीकडे नेऊन ठेवली. याहून मोठा निषेध त्या काळात शक्य नव्हता. त्याच संध्याकाळी न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या घरचा कॅमेरा लागला, तर लॅपटॉपसमोर त्यांच्या खुर्चीत त्यांचा कुत्रा बसलेला.

“यांच्यात कुत्रा निवडतो वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

मी शेजाऱ्यांना इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, “त्या संघाने सहा सुपर बोल जिंकलेत. आमच्याकडे पाठवा म्हणावं त्याला.”

पुढचा निकाल असा लागला. जेफरसनने पहिल्याच हंगामात १४०० यार्ड काढले. रेगर दोन हंगामांत गुंडाळला गेला आणि २०२२ मध्ये ईगल्सने त्याला द्यायचं ते नेमकं मिनेसोटाला दिलं, जेफरसनच्याच शेजारी बसायला. दुसरीकडे वेंट्झ त्याच मोसमात ढेपाळला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्ट्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकून दिला, वर सामनावीर. म्हणजे एकाच वर्षी, एकाच अंगणात, चोवीस तासांच्या आत शेजारी एकदा शंभर टक्के बरोबर होते आणि एकदा शंभर टक्के चूक. यातलं पहिलं ते दर थँक्सगिव्हिंगला सांगतात. दुसऱ्याबद्दल त्यांचं म्हणणं असं की त्यांनी खुर्ची उन्हामुळे हलवली. ड्राफ्ट संध्याकाळी होता.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर, कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या तज्ज्ञांचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नसतो. २०११ साली ईगल्सने पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स घेतला: कॅनडाचा २६ वर्षांचा अग्निशामक दलातला जवान. काही वर्षांत तो पुन्हा आगी विझवायला गेला, आणि तिथे तो उत्तम आहे. उलट २०१८ साली सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर जॉर्डन मायलाटाला घेतलं. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. तो आज संघाचा आधारस्तंभ.

आणि ब्रँडन ग्रॅहम. २०१० साली १३व्या क्रमांकावर त्याला घेतलं, तर पुढच्याच नंबरवर सिएटलने अर्ल थॉमसला नेलं. थॉमस गाजत राहिला आणि आम्ही ग्रॅहमला टोमणे मारत राहिलो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल संपायला दोन-सव्वादोन मिनिटं असताना याच ग्रॅहमने टॉम ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला आणि ईगल्स पहिल्यांदा सुपर बोल जिंकले. निकाल लागायला आठ वर्षं. ज्या ब्रेडीचा चेंडू उडवला तो स्वतः २००० साली १९९व्या क्रमांकावर उरलासुरला म्हणून उचललेला! आता कुणाच्या अकलेबद्दल बोलायचं?

तरी बोलणं थांबत नाही. सुपर बोल जिंकल्यावर, २०२५च्या एप्रिलात, ईगल्सचा नंबर अर्थातच शेवटचा, ३२वा. त्यांनी कॅन्सस सिटीशी, नुकतंच ज्यांना धुतलं त्यांच्याशीच, सौदा करून एक पायरी वर चढून जिहाद कॅम्पबेलला घेतलं. त्या एका पायरीसाठी पाचव्या फेरीतली १६४वी निवड देऊन टाकली. रात्री उशिरा साडूंचा फोन. तक्ता उघडलेला.

“३१व्याला ६०० गुण, ३२व्याला ५९०. दहा गुणांसाठी तुम्ही पंचवीसेक गुणांची निवड दिलीत. फसवलं तुम्हाला.”

शेजारी बाजूलाच होते. मी भाषांतर केलं. “त्यांना विचार,” ते म्हणाले, “त्या तक्त्यात करंडकाला किती गुण आहेत.”

“त्यांना सांगा, तक्ता केल्यावर पाच वर्षांत आम्ही तीन जिंकले होते.”

“आणि त्यानंतर?”

साडू म्हणाले, रेंज जातेय. मग रेंज आली, आणि पंधरा गुणांचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शुक्रवारी दुसरी आणि तिसरी फेरी, शनिवारी आणखी चार व्हायच्या होत्या.