तीनशेचारवाली

"अगं, ते कपडे आधी आत घे. कठड्यावर टाकलेस की म्युनिसिपालिटी दंड करते, माहीत आहे ना? करामात राहिलो म्हणून काय झालं, दुबई ती दुबईच."

"घेते हो काकू. पण तुम्ही ऐकलंत का? वरची तीनशेचारवाली जुलैत गावी जात नाहीये! शाळांना सुट्टी, अर्धी बिल्डिंग रिकामी होणार, आणि ही एकटी इथे उकडत बसणार."

"कोण, ती कोल्हापूरची? गणिताची टीचर?"

"तीच. एप्रिलात आली. पोरगं सासूपाशी ठेवलंय, एवढंसं. आणि सुट्टीत त्याला भेटायलाही जायचं नाही. कमाल आहे बाई!"

"जुलैची तिकिटं बघितलीस का तू? कान धरून उठाबशा काढायला लावतात."

"तिकिटाला पैसे नाहीत, मग वेगळा स्टुडिओ घ्यायला कुठून आले? शाळेने खोली दिली होती की, दोघींत एक. ती सोडून भत्ता घेतला आणि वर आपली भर घालून भाडं भरते. थाट बघा."

"थाट कसला? तिचे पहिले दोन महिने मी बघितलेत. घर हवं तर वर्षाचे चेक आधी द्या. चेकबुक हवं तर बँकेत खातं पाहिजे. खात्याला एमिरेट्स आयडी. आयडीला मेडिकल, रक्त आणि छातीचा एक्सरे. ते सगळं होईस्तोवर बाई हातात पासपोर्ट घेऊन नुसती फिरत होती. भाड्याचे चार चेक दिले, वर पाच टक्के डिपॉझिट, एजंटाचं कमिशन, आणि वीज-पाण्यासाठी देवाला दोन हजार दिरहम."

"देवाला?"

"अगं, आपली डेवा! सगळे देवाच म्हणतात. नवीन माणसाला वाटतं नवसच फेडायचाय. त्यात डिग्रीचे कागद. मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग यांची वकिलात, आणि इथे उतरल्यावर परत एक शिक्का. कोल्हापुरातल्या कुणा एजंटाने तर 'व्हिसाचा खर्च' म्हणून तिच्याकडून वेगळे पैसे उकळले. खर्च मालकाने करायचा हा इथला कायदा आहे, कामगाराकडून घेताच येत नाहीत. पण निघायच्या गडबडीत कोण विचारतं?"

"बिचारी. मला वाटलं शिष्ट आहे. लिफ्टमध्ये बोलत नाही."

"पहाटे सहाच्या आत स्कूलबस पकडते ती, पोरांबरोबर. दुपारी आली की जीव नसतो अंगात. परवा काय झालं सांगू? वरून किंकाळी आली. मला वाटलं पाल. धावत गेले तर बाई साबणाच्या अंगाने, टॉवेल गुंडाळून दारात. म्हणे, काकू, गार नळातून उकळतं पाणी येतंय! टाक्या गच्चीवर, जूनचं ऊन, दुसरं काय होणार? मी म्हटलं, गिझर बंद करून ठेव. त्याच्या पोटातलं पाणी घरातल्या एसीने निवतं. गरम नळ सोडलास की गार पाणी, गार नळ सोडलास की गरम. सप्टेंबरपर्यंत असंच उलटं चालायचं."

"मीसुद्धा पहिल्या वर्षी पोळले होते."

"आणि मसाल्याचं कळलं का? सासूबाईंनी डबाभर कांदा-लसूण मसाला बांधून दिला होता, घरी कुटलेला. एअरपोर्टला निघताना भाचा म्हणाला, मामी, यात खसखस आहे का? झालं! इथे खसखस अफूच्या जातीत धरतात, चिमूटभर सापडली तरी माणूस आत. डबा गाडीतच उतरवला. सासूबाई म्हणाल्या, माझा मसाला चालत नाही त्या देशात कशाला जायचं? अजून रुसल्यात."

"त्या रुसल्यात ते मसाल्यावरून नव्हे हो, नोकरीवरूनच. पण संध्याकाळी तिच्याकडे पोरं येतात ती कसली? शिकवण्या घेते ना? धरलं तर?"

"परमिट आहे तिच्याकडे. मी स्वतः बघितलं, फोनमध्ये दाखवलं तिने. डिसेंबर २०२३ पासून सरकारच देतं, दोन वर्षांचं, फुकट. त्याआधी सगळ्या टीचर चोरून शिकवायच्या, कोण आलं विचारलं की 'भाची आहे' म्हणायच्या. आमच्या मजल्यावर एकीला बावीस भाच्या होत्या."

"मग एवढं मिळवते तरी गावी जात नाही?"

"आता खरं सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. नवरा येतोय. पोराला घेऊन. कायमचा."

"अगंबाई! त्याला इथे नोकरी लागली?"

"कसली नोकरी! बायकोच्या व्हिसावर येतोय."

"नवरा बायकोच्या व्हिसावर? चालतं असं?"

"का नाही चालणार? पगार चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला घर, एवढं दाखवलं की झालं. पूर्वी शिक्षिका, डॉक्टर अशा ठरावीक बायकांनाच देत, २०१९ पासून हुद्दा बघत नाहीत. फक्त घराचा करार स्वतःच्या नावाने सरकारच्या एजारीत नोंदलेला लागतो. आता कळलं, दोघींतली खोली का सोडली? बेडस्पेसवर एजारी मिळत नाही. लग्नाच्या दाखल्यावरही तेच शिक्के मारून आणलेत. आणि पोराचा व्हिसा आईने काढायचा तर बापाची लेखी संमती लागते. तीही आलीय."

"म्हणून सासूबाई..."

"म्हणून! मुलगा सुनेच्या कागदावर परदेशी निघाला. शाहूपुरीत किती तोंडं धरणार त्या?"

"पण तो इथे करणार काय हो?"

"मिळाली नोकरी तर परमिट काढून करेल. तोवर पोराला शाळेत सोडायचं, आणायचं, स्वयंपाक बघायचा. पिठलं-भाकरी झक्क करतो म्हणे."

"आमच्या यांना सांगून बघते आज."

"काय सांगणार?"

"मी नोकरी धरते, तुम्ही भाकऱ्या थापा."

"सांग, सांग. गॅलरीचं दार मात्र उघडं ठेव, मला ऐकू आलं पाहिजे."