दोन तासांचीच तर नोकरी

जयपुरात राहून जयपूर घराण्याचं गाणं सोडलेला माणूस पाहायचा असेल, तर बनी पार्कात आमच्या नानांकडे या. शक्यतो पाच ते सातच्या दरम्यान या. ही त्यांची हळहळण्याची वेळ. निवृत्त माणसं या वेळेला फिरायला जातात, भाजी आणतात, नातवंडं सांभाळतात. नाना खुर्चीत बसून मांडीवर बोटांनी तीनताल धरतात आणि समेवर येऊन म्हणतात, "दोन तासांचीच तर नोकरी होती रे!"

हकीकत साधी आहे. नानांचे वडील कोल्हापूरचे. ए. जी. ऑफिसातल्या नोकरीपायी जयपुरात आले, ते इथेच राहिले. सामानात मिरजेचा तंबोरा होता. आता गंमत पाहा. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब जन्मले १८५५ साली, जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्याला. त्यांचं गाणं नांदलं मात्र कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या पदरी, आणि पुढे मुंबईत. ते गाणं गाणाऱ्यांपैकी केसरबाई आणि मोगूबाई गोव्याच्या, मन्सूर धारवाडकडचे. म्हणजे जयपूरचं गाणं गेलं कोल्हापुराला आणि कोल्हापूरचा कारकून आला जयपुराला. "वाटेत कुठेतरी आमची चुकामूक झाली," असं नाना म्हणतात.

तरी विशीतल्या नानांनी हिय्या केला होता. इथल्याच एका मराठी मास्तरांकडे पाया घटवून झाला होता; आता मुंबईला जाऊन रीतसर गंडा बांधायचा. तिकिटाला आणि चार महिन्यांच्या खोलीभाड्याला पैसे हवेत म्हणून त्यांनी जोहरी बाजारात एका पन्नेवाल्या शेठकडे नोकरी धरली. परदेशी व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं टाइप करायची. वेळ पाच ते सात. मास्तरांच्या तालमीची वेळही तीच होती, पण चार महिन्यांचा तर प्रश्न!

नवरात्रात शेठ म्हणाले, "सीझन है, ज़रा तीन बजे आ जाओ." दिवाळी उलटली, पण तीनचे परत पाच झाले नाहीत. मग पार्सलं आली, बँक आली, कस्टमची कागदपत्रं आली आणि एके दिवशी तिजोरीच्या किल्ल्याही आल्या. तिकिटाचे पैसे केव्हाच जमले होते; ते बहिणीच्या लग्नात गेले. पुन्हा जमले, त्यांची स्कूटर आली. तिसऱ्यांदा जमेपर्यंत काकू आल्या होत्या. पेढीवर नानांना सगळे 'पंडितजी' म्हणायचे. पदवी मिळाली, पण टायपिंगबद्दल.

हे सगळं सुरू झालं १९७७ साली, आणि ते साल नाना कुणाला विसरू देत नाहीत. त्या वर्षी ५ सप्टेंबरला अमेरिकेनं व्हॉयेजर-१ सोडलं. त्यातल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. नानांचा पहिला पगार त्याच महिन्यातला. हे तिन्ही प्रसंग नाना एका दमात सांगतात, त्यामुळे नवख्या माणसाचा असा समज होतो की नानांनी नोकरी धरल्याचं ऐकूनच बाईंनी प्राण सोडला. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडून गेलं. पेपरात बातमी आली, तेव्हा नानांनी चष्मा पुसला. "बाई तारकांत पोचल्या. मी सांगानेरी गेटच्या पुढे नाही गेलो."

स्पष्ट सांगायचं तर आवाज बेताचाच आहे. कान मात्र विलक्षण. कुकरची शिट्टी वॉशर बदलल्यापासून अर्ध्या सुरानं उतरली आहे, हे त्यांनी काकूंना आमटी वाढताना सुनावलं. जवाहर कला केंद्रात मैफल असली की ते शेवटच्या रांगेत दाराजवळ बसतात, 'पटलं नाही तर उठता येतं' म्हणून. ते उठल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन एखाद्या तानेबद्दल हळूच म्हणतात, "ही मला येत होती."

मग आता का गात नाही? दिवसभर मोकळेच तर असता! हा प्रश्न मी विचारला की ते गळ्याला हात लावतात. उत्तर आतून काकू देतात : "तेव्हा वेळ नव्हता, आता गळा नाही. हळहळायला मात्र दोन्ही आहेत. त्या दोन तासांवर दोन पोरं इंजिनियर झाली, त्याचं कुणी नाव काढत नाही." नाना मान डोलावतात. ते काकूंचं म्हणणं पटल्यामुळे, की त्यांनी स्वर बरोबर लावला म्हणून, हे कळत नाही.

समोरच्या घरातला पोरगा गिटार वाजवतो आणि संध्याकाळी दोन तास घरोघरी खाणं पोचवतो. नानांनी त्याला फाटकात गाठून आपली सगळी कहाणी ऐकवली. पोरगा शांतपणे म्हणाला, "अंकल, गिटार की ही तो ईएमआय भर रहा हूँ." त्यावर नाना गप्प झाले. आता ते रोज पाच वाजता प्याज कचोरी मागवतात, म्हणजे तो घरी येतो, आणि मग त्याला बसवून आकार कसा लावायचा ते सांगतात. राहिलेल्या ऑर्डरी उरकायला त्याचे दोन तासांचे तीन झाले आहेत, हे नानांना सांगायची माझी हिंमत नाही.

मंडळाच्या गणपतीत त्यांना दर वर्षी गायची गळ घालावी लागते. "छे छे, गळा बसलाय," असं म्हणताना खिशात ज्येष्ठमधाची काडी सकाळपासून असते. फ्रिजमागचा तंबोरा बाहेर निघतो, खोळ झटकली जाते. जवारी मनासारखी लागेपर्यंत आरतीची वेळ टळते आणि कुणी घड्याळ बघत नाही, कारण त्या चार तारा खरोखर सुरेल लागतात. मग बसंती केदार. अस्थाई होते, दोन-तीन आलाप होतात. एखादी जागा अशी येते की मोदक वळणाऱ्या बायकांचे हात थांबतात. आणि अंतऱ्याच्या तोंडाशी नाना थांबतात. "पुढचं शिकायचं राहिलं. दोन तासांचीच तर..." उरलेलं वाक्य अख्खं मंडळ एकसुरात पुरं करतं.

एकदा त्याच बंदिशीचं रेकॉर्डिंग मी त्यांना आणून दिलं, अंतऱ्यासकट. त्यांनी आभार मानले आणि ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. काकू म्हणतात, अंतरा त्यांना चांगला येतो. रोज आंघोळ करताना म्हणतात.

यंदा गणपतीत जयपुरात असाल तर जरूर या. गाणं चांगलं होतं, मोदकही पोटभर असतात. फक्त अंतरा मागू नका.